चिठ्ठी मागून पित्त उतरत नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या औषधविक्रेत्यांची बैठक होती. जिल्ह्याच्या गावाहून एक पोटविकारतज्ज्ञ पाहुणे म्हणून आले होते. माणूस विद्वान, बोलणं मुद्देसूद, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला. पण भाषण संपवता संपवता त्यांनी जो बार उडवला तो अजून माझ्या कानात आहे. "तुम्ही मेडिकलवाले पित्ताच्या गोळ्या चुरमुऱ्यांसारख्या वाटता. लोक आजार दाबून ठेवतात आणि माझ्याकडे येतात तेव्हा वेळ गेलेली असते. उद्यापासून ठरवा, चिठ्ठी नाही तर गोळी नाही. निम्मा प्रश्न तिथेच संपेल." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पाहुण्यासमोर हाताची घडी घालून बसणं बरं दिसत नाही. त्या टाळ्या मला आता परत घ्यायच्या आहेत.

हे मत त्या एकट्या डॉक्टरांचं नाही. आरोग्य पुरवण्यांमधून ते दर दोन-तीन महिन्यांनी छापून येतं, आणि शिकलेलं गिऱ्हाईकही गोळी खिशात टाकता टाकता मला तेच ऐकवतं. तेव्हा त्यात खरं किती आहे ते आधी मोजून देतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅनिटिडीन, डॉम्पेरिडोन ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, आणि ती विकली जातात. माझ्या दुकानातूनही गेलेली आहेत. सव्वीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस "मी कधीच दिली नाही" म्हणाला तर तो खोटं बोलतोय, नाहीतर त्याच्या दुकानात कुणी येत नाही. जठरातला व्रण किंवा त्याहून वाईट काही असेल तर गोळीने जळजळ थांबते आणि आजार आतल्या आत चालू राहतो, हेही खरं. इथपर्यंत डॉक्टर आणि मी एकाच बाकावर बसलोय. भांडण पुढे आहे.

डॉक्टरांच्या म्हणण्यात एक गृहीत धरलेलं आहे: काउंटरवर येणाऱ्याला काय झालंय हे ठरलेलं आहे, फक्त तो चुकीच्या दारात आलाय. माझ्या दुकानात एक सकाळ उभे राहा. साडेआठला रिक्षावाला येतो. काल जत्रेचं मटण झालं, घशाशी येतंय, करपट ढेकरा चालू आहेत. त्याच्यामागे शाळेतल्या बाई. कालची चतुर्थी, दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि चार कप चहा, "पित्ताने डोकं धरलंय, गोळी द्या." मी विचारतो, अर्धंच डोकं का? हो. उजेड सहन होत नाही? हो. उलटी झाली की बरं वाटतं? हो. आता हे पित्त आहे की अर्धशिशी? बाईंना घरात आईपासून पित्तच सांगितलं गेलंय, आणि उलटीत पिवळं-हिरवं पाणी पडतं त्यामुळे त्यांची खात्री आहे. तिसरे आजोबा शर्टाची बाही वर करून गांधी दाखवतात. "रात्री पित्त उठलं, गोळी दे." चौथी आठ-नऊ वर्षांची पोरगी, हातात वीस रुपयांची नोट. "आईनं पित्ताची सांगितलीय." कसलं पित्त, पोटाचं, डोक्याचं की अंगावरचं? तिला माहीत नाही. घरी फोन लावावा लागतो.

पोटातली जळजळ, अर्धं डोकं आणि अंगावरच्या गांधी, तिन्हींना मराठीत एकच शब्द. यात लोकांचं अज्ञान कमी आणि जुना वारसा जास्त. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात शीतपित्त आणि अम्लपित्त ही प्रकरणं लागोपाठ येतात. आमच्या आजीकडे दोन्हींवर आमसूलच होतं: पोटाला त्याचं सार, अंगाला त्याचं पाणी. लोकांनी शब्द जपला, त्याच्या पोटातले आजार मात्र वेगळे झाले. या चौघांपैकी आजोबांना ॲलर्जीची गोळी लागते, बाईंना डोकेदुखीसाठी डॉक्टरकडे जायला सांगावं लागतं, रिक्षावाल्याला एक अँटासिड आणि आज रात्री लवकर जेवायचा सल्ला पुरतो. हा फरक चिठ्ठी मागून कळत नाही. विचारून कळतो. डॉक्टरांनी मला मागायला सांगितलं. विचारायला सांगितलं असतं तर मी टाळ्या परत घेतल्या नसत्या.

आणि दुसरा शब्द, गॅस. हा शब्द लिहिताना हात थोडा थांबतो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, मी शटर अर्धं खाली ओढलेलं. पन्नाशीचा एक ओळखीचा माणूस वाकून आत आला. "छातीत गॅस भरलाय, काहीतरी दे. दुपारी लग्नाचं जेवण अंगाशी आलं." चेहऱ्यावर घाम होता. मला वाटलं, मे महिना आहे. मी फसफसणारी पुडी दिली, त्याने काउंटरवरच माझ्या तांब्यातलं पाणी घेऊन ती ढवळली आणि प्यायला. मोठा ढेकर दिला. "बरं वाटलं," म्हणाला, आणि गेला. मला पण बरं वाटलं. तीन आठवड्यांनी त्याचा मुलगा हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आला. पहाटे ॲटॅक आला होता, शहरात नेऊन अँजिओप्लास्टी झाली, वाचले. मुलगा मला सांगत होता, "पप्पांनी रात्री कुठूनशी गॅसची पुडी घेतली होती, त्यात वेळ गेला." कुठूनशी. मी गोळ्या मोजत राहिलो. ती माझ्याकडची होती हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही नाही.

आता हे डॉक्टरांच्या बाजूचं उदाहरण वाटेल. पण बघा, त्या पुडीला चिठ्ठी लागतच नाही. ती किराणा दुकानात मिळते, पानटपरीवर लटकलेली असते. हजाराच्या आतल्या वस्तीच्या खेड्यात तर साधं अँटासिड विकायला औषधाचा परवानाही लागत नाही. शेड्यूल के मध्ये तशी सूट आहे. डॉक्टरांचा नियम त्या रात्री मी तंतोतंत पाळला असता तरी तो माणूस पुडी पिऊन घरीच गेला असता. त्याचा गेलेला वेळ वाचवू शकले असते ते तीन प्रश्न: घाम कधीपासून येतोय, हात किंवा जबडा जड वाटतो का, चालताना किंवा जिना चढताना वाढतं का. मी ते विचारले नाहीत, कारण शटर अर्धं खाली होतं.

पुडीचं निघालंय तर एक सांगून टाकतो. "केमिकल नको, आयुर्वेदिक काहीतरी द्या" म्हणणारी मंडळी ती हमखास घेतात, कारण पाकिटावर स्वर्जिक्षार आणि निंबूकाम्ल असं लिहिलेलं असतं. म्हणजे खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. पाच ग्रॅमच्या नेहमीच्या पुडीत सोडियम आठशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात दोन हजारांच्या आत राहा म्हणते. ज्याला डॉक्टरने लोणचं-पापड बंद करायला सांगितलंय तो ब्लडप्रेशरचा पेशंट दिवसातून दोन पुड्या पितो आणि लोणच्याला हात लावत नाही. चिठ्ठीच्या धोरणात हा माणूस कुठे बसतो?

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्याकडे एक चिठ्ठी येते जी लॅमिनेट केलेली आहे. प्लास्टिकच्या आत, आधारकार्डासारखी. एका आजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी सोडताना डॉक्टरने पाच औषधं लिहून दिली. त्यातली चार संपली. पाचवी पँटोप्राझोल चाळीस, सकाळी एक. पुढे दिवस लिहिलेले नाहीत. चिठ्ठी फाटायला लागली म्हणून नातवाने लॅमिनेट करून आणली. आजी गेली तीन वर्षं रोज ती गोळी घेतायत. मी एकदा विचारलं, "आक्का, अजून जळजळ होते का?" त्या म्हणाल्या, "तवाबी नव्हती. पण डाक्टरनं दिलीया." बरोबरच आहे त्यांचं. चिठ्ठी आहे. कायद्याने माझ्या दुकानातली ती सगळ्यात स्वच्छ विक्री आहे.

अशा चिठ्ठ्या एक-दोन नाहीत. ताप आला, अँटिबायोटिक लिहिलं, सोबत पित्ताची. दात काढला, सोबत पित्ताची. "पोटाला संरक्षण" म्हणून लिहिली जाते आणि ती थांबवायची कधी हे कुणी लिहीत नाही. लोक ही गोळी मेडिकलमध्ये शिकलेले नाहीत, दवाखान्यात शिकलेत. आमच्याकडे फक्त उजळणी करायला येतात. मग डॉक्टर मला विचारतात की लोक चुरमुऱ्यांसारख्या का खातात.

यात एक गंमत आहे जी डॉक्टरांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार. जठरातल्या पेशींना आम्ल बाहेर ढकलायला एक पंप असतो; ही औषधं तो पंपच बंद करतात, म्हणून त्यांना प्रोटॉन पंप इनहिबिटर म्हणतात. काही आठवडे पंप बंद ठेवून गोळी एकदम सोडली तर शरीर उसळी मारतं आणि आधीपेक्षा जास्त आम्ल तयार होतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००९ साली ज्यांना पित्ताचा कसलाच त्रास नव्हता अशा १२० निरोगी माणसांवर हे पाहिलं. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि मग नकली गोळी, निम्म्यांना सुरुवातीपासून नकलीच. खरी गोळी सुटल्यावर पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, अपचन, घशाशी येणं सुरू झालं. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे धडधाकट माणसाला औषध देऊन, ते काढून घेऊन, आजारी करता येतं. हीच गोष्ट आजींना सांगताना मी म्हणालो, "एकदम बंद करू नका, एक दिवसाआड करा, आणि आधी डॉक्टरांना विचारा." त्यांचे डॉक्टर म्हणाले, "चालू द्या, काही नुकसान नाही." नुकसान अगदी नाही असंही नाही. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होण्याचा धोका सांगितला जातो. पण आता तेही बाजूला ठेवू. मुद्दा एवढाच की गोळीच्या व्यसनाचं उगमस्थान शोधायला निघालात तर पावलं माझ्या दारातून दवाखान्याकडे जातात.

दुखण्याची गोळी आणि पित्ताची गोळी ही जोडी त्याहून वाईट. दिवाळीनंतर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आमच्या भागात बीडकडची ऊसतोड मंडळी येतात. बायका पहाटे चारला उठतात, मोळ्या डोक्यावर वाहतात, रात्री पालात स्वयंपाक करतात. माझ्याकडे मागणी ठरलेली: "कंबरीची दोन अन् पित्ताची दोन." डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी, आणि तिच्यासोबत पित्ताची. पहिली गोळी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करते, तेच जठराच्या अस्तराचं रक्षण करतं. म्हणून पोट भाजतं. म्हणून दुसरी गोळी. यात पित्ताची गोळी तोडून काय होणार? कंबरीची गोळी राहील आणि अस्तर जास्त भाजेल. एका बाईला मी विचारलं, शी काळी होते का, डांबरासारखी? ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "धा दिस झाले." आत रक्तस्राव चालला होता. तिला मी सरकारी रुग्णालयात पाठवलं, आणि मुकादमाशी माझं भांडण झालं कारण एक कोयता कमी झाला. चिठ्ठी मागितली असती तर ती काहीच न बोलता पुढच्या दुकानात गेली असती. गर्दीत बाईला शीचा रंग विचारायचा कसा, हा प्रश्न कुठल्या नियमावलीत नाही. मी इन्सुलिनच्या फ्रिजच्या बाजूला एक स्टूल ठेवलंय. ज्यांना दोन प्रश्न जास्त विचारायचे त्यांना मी तिथे बसवतो. दुकानातलं ते सगळ्यात उपयोगी फर्निचर आहे. (लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी शी काळी होते, तेही विचारावं लागतं, नाहीतर विनाकारण घाबरवणं होतं.)

कायदा कडक करा म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातलीच आठवण करून देतो. २०१२च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त होते. फार्मसिस्ट हजर नाही, बिलं नाहीत, चिठ्ठ्या नाहीत म्हणून दुकानांवर धडाधड कारवाया झाल्या, परवाने निलंबित झाले आणि आमच्या संघटनांनी बंद पुकारले. त्या काळात मी संघटनेच्या बाजूने ओरडलो होतो. आज मागे वळून पाहताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो: त्या मोहिमेमुळे बऱ्याच दुकानांत पांढरा कोट घातलेला माणूस खरोखर उभा राहिला. तो फायदा मोठा होता. पण पित्ताच्या गोळ्यांची विक्री कमी झाली का? आमच्या बाजारात तरी मला दिसली नाही. लोकांनी चिठ्ठी जपायला सुरुवात केली. लॅमिनेशनचा धंदा वाढला असावा.

आणि चिठ्ठी म्हणजे सुरक्षितता हे समीकरण तरी कुठे टिकतं? रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हे कॅन्सरकारक असू शकणारं द्रव्य सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं. आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते २०२२ मध्ये वगळलं गेलं, विक्री मात्र चालूच आहे. ते अजूनही चिठ्ठ्यांवर येतं, ठसठशीत अक्षरात, सही-शिक्क्यासह. डॉम्पेरिडोनचंही तसंच. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होतो म्हणून युरोपच्या औषध यंत्रणेने २०१४ मध्ये ते कमी मात्रेत आणि साधारण आठवड्याच्या आत वापरा असं सुचवलं. आपल्याकडे पँटोप्राझोलशी त्याची जोडगोळी केलेली कॅप्सूल लोक महिनोन्महिने घेतात, त्यातले कित्येक रीतसर चिठ्ठीवर.

याउलट परदेशात काय चालतं ते पाहा, कारण "बाहेर असं चालत नाही" हे वाक्य मला फार ऐकवलं जातं. अमेरिकेत ओमेप्राझोल २००३ पासून आणि ब्रिटनमध्ये २००४ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. अमेरिकेतल्या पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं: चौदा दिवसांचा एक कोर्स, आणि चार महिन्यांच्या आत दुसरा नाही. ब्रिटनमध्ये ते फार्मसिस्टच्या देखरेखीखाली द्यायचं औषध म्हणून सुरू झालं. आधी प्रश्न, मग पाकीट. म्हणजे त्यांनी दार उघडं ठेवलं आणि दारात एक शिकलेला माणूस उभा केला. आपल्याकडे दाराला कागदावर कुलूप आहे, प्रत्यक्षात कडीसुद्धा नाही, आणि आत उभ्या असलेल्या माणसाने बोलावं अशी कुणाची अपेक्षाच नाही. बरं, २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाचं समुपदेशन हे फार्मसिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. ते वाचलेले किती जण त्या बैठकीत होते, मला शंका आहे. पाहुण्यांनीही त्याचा उल्लेख केला नाही.

"लोक आळशी आहेत, डॉक्टरकडे जात नाहीत" हा मुद्दा मी दोन-तीन वाक्यांत संपवतो. पोटविकारतज्ज्ञ आमच्यापासून एसटीने दोन तास. रोजंदारीवाल्याला त्यासाठी एक दिवसाची मजुरी, तिकीट आणि फी असं तिहेरी द्यावं लागतं, ते तो करपट ढेकरासाठी देणार नाही. तुम्हीही दिलं नसतं.

पण "लोक अज्ञानी" यावर थोडं थांबतो, कारण त्यात डॉक्टरी अहंकार आहे. १९८०च्या दशकापर्यंत जगभरातले डॉक्टर पोटाच्या अल्सरला काळजी आणि तिखट जबाबदार धरत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातला एक वाकडा जंतू वाढवून दाखवला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तज्ज्ञांनी मान हलवली; आम्लात जंतू जगतच नाही म्हणाले. शेवटी १९८४ मध्ये मार्शलने तो जंतू स्वतःच पिऊन टाकला आणि स्वतःला जठरदाह करून घेतला. नोबेल मिळालं ते २००५ मध्ये. म्हणजे अज्ञानाचा इतिहास काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहे. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो, बहुतेकांना तो त्रास देत नाही, पण ज्यांना अल्सर होतो त्यांच्यात त्याचा हात मोठा. त्याची तपासणी श्वासावरून किंवा शौचावरून होते. आणि इथे काउंटरवरच्या माणसाचं काम येतं: प्रोटॉन पंपवाली गोळी चालू असेल तर जंतू दबून राहतो आणि तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. म्हणून आधी दोन आठवडे गोळी थांबवतात. हे लॅबच्या कागदावर इंग्रजीत असतं. तपासणीला निघालेल्या माणसाला मराठीत ते सांगणारा त्याच्या वाटेवर बहुतेक वेळा एकच भेटतो.

आता माझ्याच भाऊबंदांकडे वळतो, नाहीतर हा लेख वकिलीचा वाटेल. आमचं नेहमीचं उत्तर असतं, "आम्ही फक्त विक्रेते." हे मला डॉक्टरांच्या बारापेक्षा जास्त लागतं. फक्त विक्रेते असू तर डी. फार्म. कशाला लागतं? किराणा दुकानवाल्यालाही मोजता येतं. खरं कारण मी सांगतो. पित्ताच्या गोळीत पैसा आहे. जेनेरिकच्या नावाखाली येणाऱ्या पट्ट्यांवर छापलेली किंमत आणि आमची खरेदी यांत मोठं अंतर असतं, वर दहावर दोन फुकट अशी स्कीम. म्हणून गिऱ्हाईक दोन गोळ्या मागतं आणि काउंटरवरचं पोर आख्खी पट्टी पुढे सरकवतं. ते पोर बारावी पास, हुशार, औषधांची जागा डोळे मिटून सांगेल, पण घाम आणि गॅस यांची सांगड त्याला कुणी शिकवलेली नाही. फार्मसिस्ट भिंतीवरच्या फ्रेममध्ये असतो, प्रमाणपत्राच्या रूपात. त्या बैठकीत पाहुण्यांनी हे बोलून दाखवलं असतं तर आम्हाला खाली मान घालावी लागली असती. ते सोडून त्यांनी आमच्या हाती एक सोपी पळवाट दिली. चिठ्ठी असली की प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

मी माझ्या दुकानात काय करतो ते सांगतो. त्याला आदर्श वगैरे म्हणू नका, गर्दीच्या दिवशी माझ्याकडूनही सुटतं. पित्त किंवा गॅस हा शब्द आला की हात कपाटाकडे जायच्या आधी तोंड उघडायचं. कधीपासून, आणि महिन्यातून किती वेळा. गिळताना अडकतं का, वजन उतरलंय का, शी काळी आहे का, उलटीत रक्त आहे का. पन्नाशीच्या पुढे असाल आणि त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल तर गोळी नंतर, आधी दवाखाना. अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत. इथे बऱ्याचदा सगळं सापडतं, कारण हृदयाची क्लोपिडोग्रेल घेणारा माणूस ओमेप्राझोल मागत असतो, आणि ती दोघं एकमेकांना मानवत नाहीत. याला दीड मिनिट लागतं. मागचा माणूस कुरकुरतो. दहापैकी सात-आठ जणांना साधं अँटासिड, चार दिवस लवकर जेवण आणि जेवल्यावर लगेच आडवं न होणं एवढं पुरतं. एक-दोघांना मी गोळी देतो, चिठ्ठी असो वा नसो, आणि पाकिटावर पेनाने लिहितो: नाश्त्याच्या अर्धा तास आधी, चौदा दिवस, मग बंद. अर्धा तास आधी हे बहुतेकांना माहीत नसतं. जळजळ सुरू झाल्यावर जेवणानंतर घेतात आणि लागू पडत नाही म्हणून दोन घेतात. उरलेल्या एखाद्याला मी गोळी न देता पाठवतो. तो रागावतो. यात मी कायदा मोडतो का? चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळ्यांपुरता, हो. इन्स्पेक्टरसाहेबांनी हा लेख वाचला तर ते मला नोटीस काढू शकतील, आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

पाहुण्या डॉक्टरांशी माझं वैर नाही. त्यांच्याकडे उशिरा पोचलेल्या पेशंटचं दुःख खरं आहे, आणि त्यातला एखादा माझ्या काउंटरवरून गेलेला असणार. पण ज्या गल्लीत लोक रोज येतात तिथे तुम्ही 'चिठ्ठी नाही तर गोळी नाही' असा फलक लावायला सांगताय, आणि ज्या चिठ्ठ्यांमधून ही सवय लागली त्यांच्याकडे बघतही नाही. मला एवढंच मागायचं आहे: तुमच्या पुढच्या चिठ्ठीवर पँटोप्राझोलच्या पुढे "१-०-०" नंतर एक आकडा लिहा, किती दिवस. चौदा लिहा, अठ्ठावीस लिहा, कायमचं लागणार असेल तर कारण लिहा. आकडा असलेली चिठ्ठी मी कधी लॅमिनेट होऊ देणार नाही.